एकोणीस स्थळांनी पूर्ण पाहिली

“मी पूर्ण पाहिलेली नाही! लिहून घ्या. मी ही क्लिप पूर्ण पाहिलेली नाही!”

मुलासाठी स्थळं बघायला डोंबिवलीहून आलेले काका खुर्चीतून उठून ओरडत होते आणि त्यांचं बोट माझ्या कॉम्प्युटरच्या काचेवर टेकलेलं होतं. आवाज असा, की खालच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री हवेत धरून ठेवली आणि वर्तकनगरातल्या झाडून सगळ्या कबुतरांनी एकदम इमारती बदलल्या. पडद्यावर मीच हौसेने रंगवलेली गुलाबी चौकट होती. तीत लिहिलं होतं, ‘क्लिप पूर्ण पाहिल्याबद्दल आभारी आहोत.’ खाली तीन बटणं. पसंत आहे. पसंत नाही. कळवतो.

“काका, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी त्या वर्षी दिवसातून चाळीस वेळा म्हणत असे.

“मग मी बोलतोय का खोटं? छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी. पत्र हातात पडल्याशिवाय पोचलं म्हणून कधी सही घेतली नाही. मी वीस सेकंद पाहिली आणि थांबवली. ती मुलगी अजून बोलत होती. आणि हे म्हणतंय, पूर्ण पाहिली. याला कोणी सांगितलं?”

बाई आतून हात पुसत आल्या. बाई म्हणजे या वधूवर मंडळाच्या मालकीण. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण नजर अजून वर्गावर. “काय झालं?”

“तुमचं यंत्र माझ्या नावावर खोटी पोच देतंय.”

मी हसलो. सगळ्यांदेखत तीच क्लिप पुन्हा लावली आणि दहाव्या सेकंदाला थांबवली. गुलाबी चौकट. पुन्हा लावली, तिसऱ्या सेकंदाला थांबवली. गुलाबी चौकट. तिसऱ्या खेपेला तर सुरू होता होताच थांबवली, मुलीने ओठसुद्धा उघडले नव्हते. क्लिप पूर्ण पाहिल्याबद्दल आभारी आहोत.

“बघा,” काका म्हणाले आणि खाली बसले.

चौकटीच्या मागे ती मुलगी, नोंदणी क्रमांक एकशे सत्तेचाळीस, ओठ मिटून थांबली होती, बोलायला परवानगी मिळायची वाट बघावी तशी. मी माऊसवरून हात काढून घेतला. कारण मागच्याच शनिवारी याच खोलीत मी तिच्या हातात एक छापील कागद दिलेला. त्यावर लिहिलं होतं, ‘आपली क्लिप एकोणीस स्थळांनी पूर्ण पाहिली.’

हा कागद कसा जन्माला आला ते सांगायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हाची ही गोष्ट. मी नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये चार महिने प्रोग्रामिंग शिकलो होतो, आणि माजिवड्यापासून कोलशेतपर्यंत माझ्याएवढा कॉम्प्युटर कोणालाच कळत नाही अशी बातमी सगळीकडे पसरली होती. पसरवणारा मीच होतो. बाईंच्या पुढच्या खोलीत तेव्हा वह्यांचे गठ्ठे असत, प्रत्येक पानावर डिंकाने चिकटवलेला एक फोटो. मुलीचा एक हात कुंडीवर, मुलाचा एक हात उसन्या स्कूटरवर. मी ती वही मिटली आणि म्हणालो, “बाई, हे फोटो मी चालते-बोलते करतो.”

“म्हणजे काय करतोस?”

“नंबर दाबला की मुलगी पडद्यावर येईल. एक मिनिट स्वतःबद्दल बोलेल. संपलं की प्रोग्राम स्वतः विचारेल, पसंत आहे का. कांदेपोहे बंद.”

“पोहे बंद नाही करायचे,” बाई म्हणाल्या. “बाकीचं कर.”

तर कॉम्प्युटर आला. तो इतका संथ होता, की एका मुलाची क्लिप उघडेपर्यंत त्याचं दुसरीकडे जमलं. सुरू करताना तो असा घुरघुरायचा की शेजारच्या आजोबांना वाटायचं आपलाच श्वास. क्लिप दिसायची पोस्टाच्या पाकिटाएवढ्या चौकोनात. पण दिसायची. लोक कल्याणहून, अंबरनाथहून ती बघायला यायचे. एक आजी तर स्थळ वगैरे काही नसताना तीन रविवार येऊन बसली. तिला आमच्याकडचा एकशे बारा नंबर आवडायचा.

क्लिपा काढायचं काम माजिवड्याच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे होतं. तो रविवारी सकाळी यायचा, बाईंच्या खिडकीच्या पडद्यासमोर स्टूल ठेवायचा आणि मुली लाजतात म्हणून बाईंनाही बाहेर काढून दार लावून घ्यायचा. सगळ्यांना एकच क्रम ठरवून दिलेला. नाव, शिक्षण, नोकरी, छंद आणि सगळ्यात शेवटी अपेक्षा. कॅसेट माझ्याकडे यायची. मी ती दुपारी कॉम्प्युटरमध्ये उतरवायचो.

त्या दुपारी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दुपारी दोन ते चार बाई झोपायच्या. स्पीकर बंद ठेवायचा हा त्यांचा एकमेव नियम. सगळी कॉलनी झोपलेली असायची, दोरीवरचे कपडे झोपलेले, गच्चीवरच्या टाक्या झोपलेल्या. आणि त्या निळसर चौकोनात एकामागून एक चेहरे यायचे आणि आवाज न करता बोलायचे. ओठ हलायचे, भुवया वर जायच्या, कोणी मान खाली घालून हसायचं. आपण पाण्याखाली बसलोय आणि वर काठावरून कोणीतरी आपल्याला काही सांगतंय, असं वाटायचं. अर्धा वेळ मी झोपेत असायचो, अर्धा वेळ ते. एकदा तर मला असं दिसलं, की सगळ्या नंबरवाल्या मुली चौकोनातून खाली उतरल्या, साड्या सावरत रांगेने जिना उतरल्या आणि उपवन तलावाकडे गेल्या. मी मागोमाग ओरडत गेलो, “अहो, कॅसेट संपायची आहे.” जाग आली तेव्हा कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या येत होत्या आणि बाईंचं मांजर कीबोर्डवर झोपलं होतं.

माझ्या सगळ्या नोंदणीतल्या मुलामुलींना मी असं ओळखत होतो, ओठांवरून. शेवटपर्यंत ऐकलं कोणालाच नव्हतं.

आता ती गुलाबी चौकट. प्रोग्राम लिहिणं म्हणजे काय ते मी तेव्हा बसस्टॉपवर अनोळखी माणसांनाही समजवायचो, तर इथेही समजावतो. व्हिडिओ चालवणारा प्लेअर आयता मिळतो. तो आपलं काम करत असतो आणि मधून मधून आपल्यासाठी घंटी वाजवतो. क्लिप उघडली, घंटी. सुरू झाली, वेगळी घंटी. थांबली, आणखी वेगळी घंटी. या घंट्यांना इव्हेंट म्हणतात. आपण फक्त एवढंच लिहून ठेवायचं, की कोणती वाजली की काय करायचं. मी लिहिलं होतं, थांबल्याची घंटी वाजली की गुलाबी चौकट दाखव आणि त्या नंबरापुढे ‘पूर्ण पाहिली’ असा एक आकडा वाढव.

तपासून पाहिलं होतं, असं नाही की नव्हतं. व्हिडिओवाल्याकडून चुकून बाईंच्या मांजराची पाच सेकंदांची क्लिप निघाली होती, ती लावून पाहिली. मांजर सुरू झालं, मांजर संपलं, घंटी वाजली, चौकट आली. मी टाळी वाजवली. कोणी माणूस मांजर अर्ध्यावर थांबवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. थांबवायचं बटण मात्र ठेवलेलं, कारण सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये असतं.

पहिल्या आठवड्यात चौकटीत दोनच बटणं होती, पसंत आहे आणि पसंत नाही. लोक त्या बटणांकडे बघत बसायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कोणी घाम पुसायचं, कोणी बायकोकडे बघायचं. एका गृहस्थांनी तर चहा संपल्यावर कॉम्प्युटरचा स्विच बंद केला आणि नमस्कार करून गेले. मला वाटलं माऊस बिघडला. बाईंनी मला आत बोलावलं.

“अरे, आपल्याकडे मुलीला तोंडावर नाही म्हणतात का कधी?”

“हे तोंड कुठे आहे बाई, हा कॉम्प्युटर आहे.”

“तुझ्यासाठी कॉम्प्युटर. त्यांच्यासमोर मुलगी बसलेली आहे. तिसरं बटण कर. कळवतो.”

केलं. त्या दिवसापासून बाकीची दोन बटणं मी काढून टाकली असती तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. सगळे ‘कळवतो’ दाबायचे आणि कोणीही कळवायचं नाही. ही आमच्याकडची फार जुनी रीत, आणि तिच्यात कोणाचा अपमान होत नाही. फक्त मुलीकडच्यांना कधी कळत नाही, की कशामुळे नाही.

म्हणून बाईंनी युक्ती काढली. उत्तर येत नाही तर निदान पाहिल्याची पोच तरी द्यायची. दर महिन्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किरकिरत एकेक चिठ्ठी बाहेर टाकायचा. आपली क्लिप सहा स्थळांनी पूर्ण पाहिली. आपली क्लिप नऊ स्थळांनी पूर्ण पाहिली. आईवडील ती चिठ्ठी घडी करून देव्हाऱ्यात ठेवायचे. एवढ्या लोकांनी मुलीला शेवटपर्यंत ऐकून घेतलं, याचंच बरं वाटायचं त्यांना. मीही फुशारून जायचो. बघा, म्हणायचो, माझ्या प्रोग्रामपुढून माणूस उठत नाही.

एकशे सत्तेचाळीस कोलशेतच्या कोळीवाड्यातली. खाडीजवळच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती, बोटांना कायम कसलातरी औषधी वास. मागच्या शनिवारी सकाळची पाळी करून ती चिठ्ठी घ्यायला आलेली. तिने ती वाचली आणि उभ्या उभ्या विचारलं, “पूर्ण म्हणजे शेवटपर्यंत?”

“अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत,” मी म्हणालो. “एकोणीस घरं. सिनेमातल्या नटीला एवढं कोणी बघत नाही.”

“आणि कोणीच काही विचारलं नाही?”

“कळवतो म्हणालेत,” बाई म्हणाल्या.

“हं.” तिने चिठ्ठीची घडी केली, मग घडीची घडी, मग तिचीही घडी. तिकिटाएवढी झाली तेव्हा मुठीत धरली. “बाई, पुढच्या रविवारी माझी परत काढता येईल? शेवटचं बदलते.”

ती गेल्यावर बाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, “आईला दिसत नाही रे तिच्या. दोन वर्षं झाली. वडील नाहीत. ही नवी क्लिप झाली की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आईला अलिबागकडे मामाच्या घरी पोचवणार आहे. समजूतदार आहे पोर.” मी मटार खात मान हलवली. माझं लक्ष माझ्या एकोणिसावर होतं. तो आमचा विक्रम होता.

आणि आता हे पोस्टातले काका.

ते उठले, टोपी घातली. “मी उद्या येतो,” ते म्हणाले. “तोवर यंत्र दुरुस्त करा. माझ्या नावावर पूर्ण लागलंय ना, मग मी ती पूर्ण पाहणार. अर्धवट पोच मला चालत नाही.”

ते गेल्यावर मी प्रोग्रामचं पोट उघडलं. माझी एक खोड होती, कशाचाही उपयोग नसताना सगळं टिपून ठेवायचं. कोणती क्लिप कितव्या सेकंदाला थांबली हे एका फाईलमध्ये साठत होतं आणि मी ती फाईल कधी उघडली नव्हती. उघडली. एकशे सत्तेचाळीसपुढे काका धरून वीस आकडे होते, माझे तीन खेळ सोडून. चौदा. एकवीस. नऊ. वीस. सतरा. सगळ्यात सहनशील माणूस अडतिसाव्या सेकंदापर्यंत पोचला होता. क्लिप एकसष्ट सेकंदांची होती.

बाकीचे नंबर पाहिले. तेच. चेहरा बघून झाला, उंचीचा अंदाज आला, नोकरी ऐकली की लोक थांबवत होते. आपोआप संपली काय, कोणी थांबवली काय, प्लेअर तीच घंटी वाजवत होता, आणि मी दर घंटीला आभार मानत होतो. अपेक्षा सगळ्यांच्या शेवटी होत्या. म्हणजे आमच्या मंडळात नाव घातलेल्या एकाही मुलीची, एकाही मुलाची अपेक्षा आजवर कोणी ऐकलेलीच नव्हती.

बाई झोपल्या होत्या. तरीही मी स्पीकर लावला, अगदी हळू, आणि खुर्ची पुढे ओढून एकशे सत्तेचाळीस शेवटपर्यंत पाहिली. इतके दिवस जे ओठ मी बघत होतो त्यांना आवाज आला. समोर बोलताना असायचा त्याहून जाड होता. पंचेचाळिसाव्या सेकंदाला ती थांबली, पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे न बघता बोलली. “माझी एकच अपेक्षा आहे. माझ्या आईला दिसत नाही. मी राहीन तिथे ती राहील. घरातलं सगळं ती करते, मासेसुद्धा साफ करते. फक्त नव्या घरातल्या पायऱ्या तिला एकदा मोजून द्याव्या लागतील.”

क्लिप संपली. घंटी वाजली. या खेपेला खरी.

बाहेर कोणाच्या तरी दोरीवरची साडी फुगत होती आणि बसत होती. त्या मुलीला वाटत होतं, एकोणीस घरांनी हे ऐकलं आणि एकोणीस घरांनी तोंड फिरवलं. परवा ती आईला बसमध्ये बसवणार होती. माझ्या मांजरामुळे.

दुरुस्ती दोन ओळींची होती. घंटी वाजली की आधी घड्याळ बघ. क्लिपची लांबी गाठली असेल तर पूर्ण, नाहीतर अर्धवट. दोन ओळी लिहायला मला पाच मिनिटं लागली आणि कोलशेतला जायला दीड तास. बस मिळाली होती, पण मी माजिवड्याला उतरून पुढे चालत गेलो. खोटं तयार करायला वेळ हवा होता. व्हायरस आला होता असं सांगू. वीज गेली होती असं सांगू. अमेरिकेतून एक चुकीची फ्लॉपी आली होती असंही एक तयार केलं, ते फारच छान होतं. संध्याकाळ होत होती. खाडीवरून धुरकट ओला वारा येत होता, कंपनीचा भोंगा वाजून गेलेला, तिवरांच्या पलीकडे पाणी होतं की आकाश ते समजत नव्हतं. एक होडी त्या दोघांच्या मधोमध टांगल्यासारखी उभी होती. खोटं बोलायला इतकी सोयीची संध्याकाळ मी पुन्हा पाहिली नाही.

ओट्यावर तिची आई सुकट निवडत बसली होती. बोटं एकेक काडी, खडा बाजूला काढत होती, तोंड खाडीकडे. तिच्या बाजूला एक बांधलेलं गाठोडं आणि एक पत्र्याची पेटी.

“कोन आयलाय गो?” पावलं ऐकून तिने आत विचारलं.

एकशे सत्तेचाळीस दारात आली. “तुम्ही? उद्या यायचंय ना मला?”

मी तोंड उघडलं. अमेरिकेतली फ्लॉपी जिभेच्या टोकावर होती. ती गाठोड्यापाशी उभी होती आणि गाठोड्याच्या गाठीतून आईचा कंगवा बाहेर डोकावत होता.

“एकोणीस चूक आहे,” मी म्हणालो. “एकानेही पूर्ण पाहिलेली नाही. थांबवली तरी माझा प्रोग्राम पूर्ण म्हणत होता. सगळ्यात जास्त अडतीस सेकंद.”

ती हिशोब करत असावी. तिचे ओठ हलले, आवाजाशिवाय, चौकोनात हलायचे तसेच.

“अडतिसाला मी कंपनीबद्दल बोलते.”

“हो.”

“म्हणजे पुढचं कोणीच ऐकलं नाही.”

“कोणीच नाही.”

“तुम्ही तरी?”

“आज दुपारी. पहिल्यांदा. आधी आवाज बंद असायचा. बाई झोपायच्या.”

आईची बोटं सुकटीत थांबली होती. “काय गो झायला?” तिने विचारलं.

“काही नाही आई. कंपनीतले आहेत.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “उद्या येते.” परत काढायला येते की कशाला, ते तिने सांगितलं नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही. माझ्या आयुष्यात धाडस कमी पडल्याचे प्रसंग दोन, त्यातला हा एक. दुसरा मी कोणाला सांगत नाही.

रविवारी सकाळी दहाला मी बाईंच्या गॅलरीतून खाली बघत होतो. ती आली, आणि आईला घेऊन आली. बाईंच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा. आई एक हात कठड्यावर, एक हात लेकीच्या खांद्यावर ठेवून चढत होती आणि पुटपुटत होती. “सात, आठ.” मागे पोस्टातले काका येऊन पोचले होते. जिना अरुंद. ते दोन पायऱ्या खाली उभे राहिले, टोपी हातात घेऊन. आई एक पायरी चढली की तेही एक चढत होते. “धा, अकरा.” मध्ये आई दम खायला थांबली, तर तेही थांबले. “बारा, तेरा.” शेवटच्या पायरीवर आईने पाय पुढे टाकून जमीन चाचपली आणि म्हणाली, “सोला झाल्या गो.” काकांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

नोंदणी केलेली मुलगी आणि बघायला आलेले लोक यांनी एका खोलीत बसायचं नाही, हा बाईंचा नियम. त्यांनी माय-लेकींना स्वयंपाकघरात बसवलं. दाराला नुसता पडदा. व्हिडिओवाला अजून यायचा होता.

काका खुर्चीत बसले. “लावा,” म्हणाले.

“काका, दुरुस्त झालंय आता. आधी अर्धवट थांबवून दाखवतो.”

“थांबवायची नाही. लावा.”

लावली. आवाज मोठा ठेवला, बाई जाग्या होत्या. नाव झालं. शिक्षण झालं. विसाव्या सेकंदाला काकांचं बोट सवयीने उचललं गेलं आणि त्यांनी ते दुसऱ्या हातात धरून ठेवलं. कंपनी झाली. अडतीस गेला, आणि त्या चौकोनात आम्ही सगळे अशा ठिकाणी शिरलो जिथे आजवर कोणी आलेलं नव्हतं. उन्हाचा एक पट्टा खोलीभर तरंगत होता, त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती की कॉम्प्युटरने तिलाही आपल्या गतीवर आणलं असावं. पदर नीट केला. “माझी एकच अपेक्षा आहे,” पडद्यावरची ती म्हणाली, आणि पडद्यामागची ती आतमध्ये श्वाससुद्धा घेत नव्हती.

आतून आईचा आवाज आला, हळू. “ही तू बोलतेस?”

“गप गो,” लेक म्हणाली.

पायऱ्या तिला एकदा मोजून द्याव्या लागतील. एकसष्ट. घंटी वाजली. गुलाबी चौकट आली, तिच्याखाली तीन बटणं.

काका चौकटीकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या पडद्याकडे. पडद्याखाली चार पावलं दिसत होती, दोन चपलांतली आणि दोन अनवाणी. माझा हात माऊसवर होता आणि माऊसला घाम फुटला होता, माझ्यापेक्षा जास्त.

बाईंनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. त्यांच्या आवाजात नेहमीचा समजूतदारपणा होता, समोरच्याला नकार देताना जड जाऊ नये असा. “मुलगा तुमचा, विचार तर करावाच लागेल. घरी तुम्ही बापलेक दोघंच, त्यात तुमचं वय. मग काय लिहू? कळवतो?”

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“आमच्याकडे बावन्न आहेत,” ते म्हणाले. “कठडा दोन्ही बाजूंनी आहे.”